नाही आणि माहीत नाही

देव मानणारा एका टोकाला, नास्तिक दुसऱ्या टोकाला आणि अज्ञेयवादी मधोमध, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात अज्ञेयवाद्याची अवस्था तळ्यात-मळ्यात अशी. आस्तिक मंडळी त्याला सांगतात, 'वय झालं की येशील आपोआप इकडे.' नास्तिक म्हणतात, 'तू आमच्यातलाच आहेस, फक्त बोलायला कचरतोस.' दोघांचाही समज असा की हा माणूस वाटेत थांबला आहे आणि आज ना उद्या त्याला कुठल्या तरी एका गावी पोचावंच लागणार. ते चित्र चुकीचं आहे असं मला वाटतं, आणि या पुस्तकातली सगळी प्रकरणं त्याच्याशी भांडत लिहिली आहेत.

'तू देव मानतोस का?' आणि 'देव आहे की नाही हे तुला माहीत आहे का?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला श्रद्धेविषयी आहे, दुसरा ज्ञानाविषयी. नास्तिक्य हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणि अज्ञेयवाद दुसऱ्याचं. म्हणून एकच माणूस दोन्ही असू शकतो: माहीत नाही, म्हणून मानत नाही. आणि 'माहीत नाही, तरी मी हात जोडतो' असं प्रांजळपणे सांगणारेही आपल्या घराघरांत आहेत. त्यांना अज्ञेयवादी आस्तिक म्हणायला काहीच हरकत नाही.

ही वाटणी समजायला सोपी आहे आणि बरोबरही आहे. पण ती केली की विषय संपला असं मानण्याची घाई होते. ज्या माणसांनी या भूमिका घेतल्या, त्यांनी त्या कशासाठी घेतल्या, त्यांची काय किंमत मोजली आणि त्यांच्यात खरं भांडण कशावरून होतं, हे पाहिलं की फरकाची जागा दुसरीकडेच सापडते.

टॉमस हेन्री हक्स्लीपासून सुरुवात करू. डार्विनचा खंदा पाठीराखा म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्सशी त्याची खडाजंगी झाली आणि ती गाजली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याचा थोरला मुलगा नोएल स्कार्लेट फीव्हरनं गेला. पोर चार वर्षांचंही नव्हतं. चार्ल्स किंग्जली या लेखक-धर्मोपदेशकानं त्याला सांत्वनाचं पत्र लिहिलं. किंग्जली भला माणूस होता, आणि असं दुःख झालेल्या बापाला आत्म्याच्या अमरत्वाचा आधार वाटावा अशीच त्याची इच्छा होती. हक्स्लीनं त्याला जे लांबलचक उत्तर पाठवलं, ते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र आहे असं मी मानतो. अज्ञेयवाद ही संज्ञा तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तिला अजून नऊ वर्षं अवकाश होता.

त्या पत्रात हक्स्ली अमरत्व नाकारत नाही आणि मान्यही करत नाही. ते मानायला मला कारण दिसत नाही आणि खोटं ठरवायला माझ्याकडे साधन नाही, असं तो सांगतो. पण तो तिथं थांबत नाही. एखादी गोष्ट खरी असावी असं मनापासून वाटणं हा ती खरी असल्याचा पुरावा होत नाही, उलट जिथं ही ओढ सगळ्यात तीव्र असते तिथंच जास्त सावध राहायला हवं, असं तो लिहितो. मुलाच्या दफनाच्या वेळी पाद्र्यानं बायबलमधला एक उतारा वाचला. त्याचा मथितार्थ असा की मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खावं, प्यावं, कारण उद्या मरायचंच आहे. हे ऐकून हक्स्ली हादरला. माझं मूल गेलं, आणि ते पुन्हा भेटेल याची खात्री नाही, म्हणून मी आता माणूसपण सोडून द्यायचं का, असा त्याचा सवाल होता.

सांत्वन हाताशी आलेलं होतं आणि मागणाऱ्याची गरज अगदी खरी होती. अशा वेळी 'मला माहीत नाही' एवढंच म्हणणं, आणि त्याहून एक अक्षरही जास्त न म्हणणं, याला कचरणं म्हणता येत नाही. अज्ञेयवादाचा उगम कोमट मनात आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पत्र वाचावं.

१८६९ मध्ये लंडनला मेटाफिजिकल सोसायटी स्थापन झाली. कवी टेनिसन, पुढे कार्डिनल झालेले मॅनिंग, पंतप्रधान ग्लॅडस्टन अशी मंडळी तिचे सभासद होती. प्रत्येकाच्या पाठीशी एकेक वाद होता आणि हक्स्लीपाशी कुठलाच नव्हता. तेव्हा त्यानं स्वतःसाठी 'ॲग्नॉस्टिक' ही ओळख घडवली. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये एका वादाच्या निमित्तानं त्यानं तिचा खुलासा केला: अज्ञेयवाद हा पंथ नाही, ती एक पद्धत आहे. बुद्धी जिथवर नेईल तिथवर निःशंकपणे जा, आणि जे सिद्ध झालेलं नाही किंवा सिद्ध होऊ शकत नाही ते निश्चित आहे असं भासवू नका. ही दोन पथ्यं पाळा, म्हणजे झालं. थोडक्यात, त्याच्या लेखी हा नीतीचा प्रश्न होता. पुराव्यावाचून खात्री सांगणं त्याला खोटं बोलण्याच्या जातीचं वाटत होतं.

आता दुसऱ्या बाजूचा माणूस. चार्ल्स ब्रॅडलॉ हा लंडनच्या गरीब वस्तीतल्या एका कारकुनाचा मुलगा. पोरवयात धर्माविषयी शंका विचारल्या म्हणून घर सुटलं. पुढे सैन्यात नोकरी, मग वकिलाच्या कचेरीत कारकुनी, आणि रात्री भाषणं. १८६६ मध्ये त्यानं नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटात पाठवलं. तो उघड नास्तिक होता, म्हणून ईश्वराच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या अशी मागणी त्यानं केली. ती नाकारली गेली. मग नेहमीची शपथ घेतो म्हणाला, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय म्हणून तीही नाकारली गेली. त्याला काही काळ पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. जागा रिकामी ठरवायची, पोटनिवडणूक घ्यायची आणि मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून द्यायचं, असं अनेकदा घडलं. अखेर १८८६ मध्ये त्याला आसन मिळालं आणि १८८८ मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा त्यानंच संमत करून घेतला.

हाच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला होता. हिंदुस्थानचे प्रश्न पार्लमेंटात सतत मांडणारा म्हणून इथं त्याचा मोठा सत्कार झाला. तो जानेवारी १८९१ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमधले पुष्कळ हिंदी लोक गेले होते. त्यांत कायद्याचा अभ्यास करणारे तरुण मोहनदास गांधीही होते. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार-खासदारांना ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन पर्याय दिले आहेत. विधानसभेत एखादा सदस्य दुसरा पर्याय निवडतो तेव्हा ब्रॅडलॉच्या सहा वर्षांच्या झगड्याची मला दर वेळी आठवण होते.

पण मुद्दा पुढे आहे. हा इंग्लंडमधला सगळ्यात बदनाम नास्तिक नेमकं काय म्हणत होता? 'देव नाही' असं तो म्हणतच नव्हता. तुम्ही 'देव' म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतं ते मला कळत नाही, तुमची व्याख्या मला अर्थपूर्ण वाटत नाही, आणि ज्याची कल्पनाच मला करता येत नाही ते मी नाकारू कसं, अशी त्याची मांडणी होती. तुम्ही व्याख्या सांगा, मग ती नाकारायची की नाही ते पाहू. म्हणजे हक्स्ली आणि ब्रॅडलॉ यांची मतं शेजारी-शेजारी ठेवली तर मधे सुई जायलाही फार जागा उरत नाही. तरी एक जण रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि दुसऱ्याला मनोऱ्यात कोंडलं गेलं.

या गोष्टीवर बोट ठेवणारा एक प्रसंग डार्विनच्या घरी घडला. सप्टेंबर १८८१ मध्ये जर्मन जडवादी लुडविग ब्यूखनर आणि ब्रॅडलॉचा तरुण सहकारी एडवर्ड एव्हलिंग डार्विनकडे दुपारच्या जेवणाला गेले होते. जेवणानंतर म्हाताऱ्या डार्विननं त्यांना सरळ विचारलं, तुम्ही स्वतःला नास्तिक का म्हणवता? आपल्याला अज्ञेयवादी म्हणवून घेणं जास्त बरं वाटतं, असंही तो म्हणाला. एव्हलिंगनं समजावलं, आम्ही देव नाकारण्याचा मूर्खपणा करत नाही. पुरावा नाही म्हणून त्याच्यावाचून राहतो एवढंच. मग त्यानं असा निष्कर्ष काढला की अज्ञेयवादी म्हणजे प्रतिष्ठितांच्या भाषेतला नास्तिक आणि नास्तिक म्हणजे चढ्या आवाजातला अज्ञेयवादी. त्यावर डार्विननं विचारलं, मग आवाज चढवायचाच कशाला? सामान्य लोक अशा विचारांना तयार झाले आहेत का? हकीकत एव्हलिंगनं लिहिलेली आहे, तेव्हा तिच्यावर त्याचा रंग चढला असेल. पण डार्विननं स्वतः १८७९ मध्ये एका पत्रात हेच सांगितलं होतं की देवाचं अस्तित्व नाकारणारा नास्तिक मी कधीच नव्हतो, आणि वय वाढत गेलं तसं अज्ञेयवादी हेच वर्णन मला बहुतेक वेळा लागू पडत गेलं.

एव्हलिंग निम्मा बरोबर होता. वर्गाचा, प्रतिष्ठेचा आणि स्वभावाचा फरक या दोन भूमिकांमध्ये होता आणि आजही आहे. सुशिक्षित बैठकीत 'मी अज्ञेयवादी' म्हटलं की चर्चा रंगते, आणि 'मी नास्तिक' म्हटलं की कुणाच्या तरी कपाळाला आठी पडते. म्हणूनच एंगल्ससारख्यांनी अज्ञेयवाद्यांवर लाजऱ्या जडवादाचा ठपका ठेवला. पण तेवढाच फरक असता तर हे पुस्तक लिहिण्याची गरज नव्हती. उरलेला निम्मा फरक तर्काचा आहे, आणि तो मला सगळ्यात नेमका सापडला तो आपल्याकडच्या जुन्या प्रमाणशास्त्रात.

'या जमिनीवर घागर नाही' हे मला कसं कळतं? आपले तार्किक शतकानुशतकं या साध्या वाक्यावर वाद घालत आले. घागर दिसते तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण झालं. पण घागरीचा अभाव कसा दिसतो? कुमारिल भट्टानं त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. उजेड भरपूर आहे, डोळे ठीक आहेत, जमीन सारवलेली आणि मोकळी आहे, घागर असती तर दिसली असती, दिसत नाही, म्हणून ती नाही. यात 'असती तर दिसली असती' ही अट सगळ्यात महत्त्वाची. तिलाच पुढे योग्यानुपलब्धी म्हणू लागले. सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तीनं हीच गोष्ट फार काटेकोरपणे मांडली. जी वस्तू दिसण्याजोगी आहे ती दिसली नाही तर तिचा अभाव सिद्ध होतो. जी मुळात दिसण्याजोगीच नाही ती दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, फक्त संशय उरतो. पिशाच्च हे त्याचं नेहमीचं उदाहरण. पिशाच्च अदृश्यच असतं असं मानलं, तर खोलीत ते दिसत नाही यावरून खोलीत ते नाही असा निर्णय करता येणार नाही.

नास्तिक आणि अज्ञेयवादी यांची फारकत इथं होते. देव ही सारवलेल्या जमिनीवरची घागर आहे, की दिसण्याच्या कक्षेबाहेरची काही गोष्ट आहे? पहिलं उत्तर दिलं की अनुपलब्धी अभाव सिद्ध करते आणि माणूस नास्तिक होतो. दुसरं दिलं की संशय उरतो आणि माणूस अज्ञेयवादी होतो.

ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली ती देवाच्या कैवाऱ्यानं. दहाव्या-अकराव्या शतकातला मिथिलेचा नैयायिक उदयन यानं 'न्यायकुसुमांजली' हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठीच लिहिला. त्यात तो विरोधकांना अडवतो ते याच जागी: ईश्वर प्रत्यक्षाला योग्य नाही, मग तो दिसत नाही म्हणून नाही, असं कसं म्हणता? हा बचाव करून झाल्यावर तो पुढे अनुमानानं ईश्वर सिद्ध करायला निघतो. घागरीला जसा कुंभार तसा जगालाही कर्ता हवा, हे त्यातलं मुख्य अनुमान. यावरून मी माझ्यापुरती एक व्याख्या केली आहे. ज्याला उदयनाचा बचाव पटतो पण अनुमान पटत नाही, तो अज्ञेयवादी. ज्याला दोन्ही पटत नाहीत, तो नास्तिक. दोन्ही पटतात तो अर्थातच उदयनाच्या पंगतीला बसेल.

सांख्यांच्या परंपरेत हाच प्रश्न आणखी एका वळणावर येतो. सांख्यसूत्रांत ईश्वर सिद्ध होत नाही असं म्हटलं आहे. सोळाव्या शतकाच्या सुमारास विज्ञानभिक्षूनं त्यावर भाष्य लिहिताना विचारलं की सूत्रकाराला ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर तो तसं स्पष्ट म्हणाला नसता का? सिद्ध होत नाही म्हणणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं. विज्ञानभिक्षूला सांख्य आणि ईश्वर यांचा मेळ घालायचा होता, त्यामुळे त्याच्या हेतूविषयी शंका घ्यायला जागा आहे. पण त्यानं दाखवलेली फट खरी आहे. हक्स्ली त्याच फटीत उभा आहे.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी. आपल्या परंपरेत वेद मानणारे आणि तरीही जगाचा कर्ता न मानणारे पुष्कळ होते. कुमारिल स्वतः त्यांतला. यज्ञकर्माचा कट्टर समर्थक असलेला हा मीमांसक विचारतो, सृष्टी घडताना पाहायला कोण हजर होतं? आणि निर्मात्याला ती घडवण्याची इच्छा तरी का व्हावी? म्हणून 'नास्तिक्य हे पाश्चात्त्यांचं खूळ' किंवा 'देव न मानणारा तो धर्मबाह्य' ही वाक्यं आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून येतात.

आता घागर आणि पिशाच्चाची कसोटी घेऊन आपल्या गावात या. इथं वाद ज्या देवाविषयी होतो तो कसा आहे? तो नवसाला पावतो, कौल देतो, अंगात येतो, केस कापले म्हणून कोपतो. अशा देवाविषयी केलेला प्रत्येक दावा जमिनीवरच्या घागरीचा दावा आहे. नवस बोललेल्यांचे आजार न बोललेल्यांपेक्षा जास्त बरे व्हायला हवेत. अंगात आलेल्या बाईला ते ज्ञान हवं, जे एरवी तिला असणार नाही. असेल तर दिसायला हवं, आणि तपासलं की दिसत नाही. या ठिकाणी 'कुणास ठाऊक, असेलही काही' असं म्हणत खांदे उडवणाऱ्याला मी अज्ञेयवादी म्हणायला तयार नाही. तपासता येण्याजोगी गोष्ट न तपासता सोडून देणं हे हक्स्लीच्या पहिल्याच पथ्याच्या विरुद्ध आहे.

याउलट हे विश्व मुळात का आहे, त्याच्या नियमांमागे काही आहे का, हे प्रश्न पिशाच्चाच्या जातीचे आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी असा संशय घेतं की हे सगळं कुठून आलं ते वरून पाहणाऱ्यालाही कदाचित माहीत नसेल. तिथं एक घाव दोन तुकडे करणारा नास्तिक मला घाई करणारा वाटतो.

बर्ट्रांड रसेलनं १९४७ मध्ये नेमका हाच पेच मांडला. तत्त्वज्ञांसमोर बोलायचं तर मी अज्ञेयवादी, कारण देव नाही हे सिद्ध करणारा निर्णायक युक्तिवाद माझ्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला योग्य समज द्यायचा तर मी नास्तिक, कारण होमरच्या देवांचं नसणंही मी सिद्ध करू शकत नाही आणि तरी त्यांच्याविषयी कुणी मला तटस्थ समजत नाही. पुढे १९५२ मध्ये त्यानं पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्याभोवती फिरणाऱ्या, दुर्बिणीलाही न दिसणाऱ्या चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं. खोडून काढता येत नाही म्हणून किटलीविषयी कुणी निम्मा-निम्मा संशय बाळगत नाही. नास्तिकाचं अज्ञेयवाद्याला दिलेलं हे सगळ्यात जोरदार उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की किटल्या कुठं आणि कशा तयार होतात हे आपल्याला माहीत आहे, म्हणून ती तिथं नसणार हे आपण ठामपणे सांगतो. विश्वाच्या मुळाशी काय असू शकतं आणि काय नाही याचा असा कुठलाच पूर्वानुभव आपल्यापाशी नाही. किटलीच्या बाबतीत आपली खात्री ज्ञानातून येते. इथं ती आणायची कुठून?

नास्तिकाकडे अनुपलब्धीखेरीज दुसरंही हत्यार आहे, आणि तिथं अज्ञेयवाद्याची खरी परीक्षा होते. भगतसिंग यांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेला आणि फाशीनंतर, सप्टेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'मी नास्तिक का आहे' हा निबंध याच हत्यारावर उभा आहे. सर्वशक्तिमान आणि दयाळू असा कुणी असेल तर एवढं दुःख, एवढा अन्याय कशासाठी? हा युक्तिवाद देव दिसत नाही असं म्हणत नाही. तुम्ही वर्णन केलेला देव आणि समोर दिसणारं जग एकत्र राहू शकत नाहीत, असं म्हणतो. दयाळू आणि सर्वसमर्थ अशा देवाविषयी मी भगतसिंगांच्या बाजूला आहे. 'त्याची लीला आपल्याला कळत नाही' असं म्हणणाऱ्या आस्तिकाला अज्ञेयवाद उसना देणं मला मान्य नाही. देव दयाळू आहे हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यानं अडचण आली की अज्ञानाच्या आड लपू नये.

ही पळवाट फार जुनी आहे. दीघनिकायातल्या 'सामञ्ञफल' सुत्तात राजगृहाचा राजा अजातशत्रू पौर्णिमेच्या रात्री जीवकाच्या आमराईत बुद्धाला भेटायला जातो. बापाला मारून गादीवर बसलेल्या या राजाच्या जिवाला शांती नाही. संन्यासाचं इथं, याच जन्मात दिसणारं फळ काय, हा त्याचा प्रश्न. तोच प्रश्न आपण आधी सहा आचार्यांना विचारला होता, असं तो सांगतो. त्यांतला अजित केशकंबली म्हणाला होता, परलोक नाही, दानाचं फळ नाही, माणूस चार भूतांचा बनलेला आहे आणि मेला की संपला. संजय बेलट्ठिपुत्तानं सांगितलं होतं, असं आहे असं मी म्हणत नाही, तसं आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. दोघांच्याही उत्तरानं राजाचं समाधान झालं नाही. आंब्याविषयी विचारावं आणि भलत्याच फळाविषयी ऐकावं लागावं, तसं झालं असं तो म्हणतो. संजयाविषयी बौद्धांनी लिहिलं आहे हे विसरू नये. विरोधकाच्या ग्रंथात कुणाचंही चित्र उजळ निघत नाही. शिवाय सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे बुद्धाचे दोन थोर शिष्य आधी याच संजयाकडे होते. पण अस्वस्थ माणसाला वाऱ्यावर सोडणारं 'माहीत नाही' आणि किंग्जलीला उत्तर देणाऱ्या बापाचं 'माहीत नाही', यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

महाराष्ट्रात या फरकाचं सगळ्यात चांगलं उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचं. अभ्यासक त्यांना बहुधा अज्ञेयवादी म्हणतात आणि ते पटण्याजोगं आहे. मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे गुरू. स्पेन्सरनं १८६२ मध्ये अंतिम तत्त्व कायमचंच अज्ञेय असल्याचं मांडलं होतं. हक्स्लीहून हे वेगळं आहे: हक्स्ली 'आज पुरावा नाही' म्हणतो, स्पेन्सर दार कायमचं लावून घेतो. मला हक्स्लीचं जवळचं वाटतं, कारण एखादी गोष्ट कधीच कळणार नाही हे सांगायलाही तिच्याविषयी पुष्कळ माहिती लागते. आगरकरांनी मात्र विश्वाच्या मुळाविषयीच्या या न कळण्याचा उपयोग कधी आडोसा म्हणून केला नाही. देवदेवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या हे त्यांनी 'देवतोत्पत्ति' या निबंधात उलगडून दाखवलं. केशवपन, बालविवाह आणि सोवळंओवळं यांच्याविषयी त्यांनी १८८८ पासून 'सुधारका'त असं लिहिलं की पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. अज्ञेयवादी माणूस मवाळच असतो असं म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

पुढच्या शतकात हाच संवाद व्यासपीठावर झाला. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगावी एकत्र कार्यक्रम करत. देव ही कल्पनाच आता निवृत्त करा, असं लागू ठणकावून सांगत. दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका मांडत: देव मानण्याचं स्वातंत्र्य घटनेनं दिलं आहे, आमचा लढा शोषणाशी आहे. काही जण याला दाभोलकरांची चतुराई समजत. मला तसं वाटत नाही. ज्या दाव्यांची तपासणी होऊ शकते तेवढेच तपासायला घ्यायचे, ही हक्स्लीच्या पद्धतीची चळवळीतली आवृत्ती आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात देव आहे की नाही याविषयी एक शब्द नाही, आणि तरी शेकडो वर्षांच्या धंद्याला त्यानं हात घातला.

राज्यसंस्थेला या दोन भूमिकांमधला फरक कळण्याची गरज नाही, पण दोघांनाही जागा मिळायला हवी. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी अशी दुरुस्ती मांडली. मतदान होऊन ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोधात बोलणारे पंडित हृदयनाथ कुंझरू नास्तिक म्हणून उभे राहिले नव्हते. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती नको, हा त्यांचा मुद्दा होता. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की कुठल्याही अर्जावर धर्म लिहिण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि 'माझा कुठलाही धर्म नाही' असं सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या सुमारे २८ लाख ७० हजार होती. त्यांत नास्तिक किती, अज्ञेयवादी किती आणि नुसतं उत्तर द्यायचं टाळणारे किती, हे त्या रकान्यावरून कळत नाही.

घरात मात्र हा फरक जाणवतो, आणि सगळ्यात जास्त मृत्यूच्या वेळी. वडिलांच्या दहाव्याला पिंड ठेवायला बसायचं की नाही हा प्रश्न नास्तिक मुलासमोरही येतो आणि अज्ञेयवादी मुलीसमोरही. आईसाठी बसणारे नास्तिक असतात आणि आईशी बोलून नम्रपणे नकार देणारे अज्ञेयवादीही. मताचं नाव ऐकून वागण्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून पुढे एक स्वतंत्र प्रकरण या वागण्याविषयी आहे. त्यात सल्ला नाही. लोकांनी काय काय केलं, ते त्यांची नावं न सांगता नोंदवलं आहे.

प्रकरणांचा क्रम काळानुसार लावलेला नाही. पहिलं प्रकरण हक्स्लीवर असावं असं सुचवण्यात आलं होतं. मी ते उदयनाला दिलं. देवाच्या बाजूचा सगळ्यात कसलेला युक्तिवाद वाचकानं आधी पुरता ऐकावा, त्याला जमेल तेवढं त्याच्याशी भांडावं आणि मगच ब्रॅडलॉकडे किंवा हक्स्लीकडे वळावं, असं मला वाटतं. 'न्यायकुसुमांजली' अवघड आहे. त्या प्रकरणात पंचवीसेक पानं घागरीवरच गेली आहेत, ती घाईनं उलटू नयेत.